सहा हजार बुरश्यांतील एक

साठी उलटलेल्या आम्हां मंडळींच्या औषधाच्या डबीत बहुधा एक लहानशी गोळी असतेच. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या ‘स्टॅटिन’ वर्गातील ही गोळी. या वर्गातील पहिला पदार्थ दोनदा बाद ठरला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

कोलेस्टेरॉल शरीराला आवश्यकच आहे. ते रक्तातून लिपोप्रोटीन नावाच्या कणांमार्फत वाहून नेले जाते. त्यांपैकी ‘एलडीएल’ कण प्रमाणाबाहेर वाढले, की धमनीच्या भिंतीत थर साचू लागतो. यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मितीच रोखावी, हा विचार जुनाच. परंतु त्या मार्गाने गेलेले ट्रायपॅरॅनॉल हे औषध मोतीबिंदू व इतर दुष्परिणामांमुळे 1962 साली अमेरिकेत मागे घ्यावे लागले होते.

अशा पार्श्वभूमीवर जपानमधील सांक्यो कंपनीतील अकिरा एन्डो यांनी 1971 साली शोध आरंभला. अकिता प्रांतातील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या एन्डोंना लहानपणापासून बुरशी आणि अळंबी यांचे वेड होते. कोलेस्टेरॉल घडविणाऱ्या विकराला अडविणारा पदार्थ एखादी बुरशी बनवीत असेल, असा त्यांचा तर्क होता. सहा हजारांहून अधिक बुरश्या तपासल्यावर क्योटोच्या एका धान्यदुकानातील तांदळावर मिळालेल्या बुरशीने 1973 साली तो पदार्थ दिला. तेच कॉम्पॅक्टिन.

परंतु उंदरांवर त्याचा परिणाम दिसेना. काम तेथेच संपावयाचे. तेवढ्यात एन्डोंनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा विचार केला. अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल भरपूर, तेव्हा कोंबडीच्या रक्तातही ते असणारच. 1976 साली प्रयोग झाला आणि कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्याने उतरले. औषध निकामी नव्हते. कसोटीसाठी निवडलेला प्राणी चुकला होता.

1978 साली ओसाका येथील डॉक्टर यामामोतो यांनी आनुवंशिक विकाराच्या एका अठरा वर्षांच्या रुग्णाला ते दिले. कोलेस्टेरॉल उतरले, पण स्नायू अशक्त झाले. मात्रा कमी करावी लागली. पुढे मोठ्या मात्रा दीर्घकाळ दिलेल्या कुत्र्यांत गाठींची शंका आली आणि 1980 साली कंपनीने काम थांबविले. अमेरिकेतील मर्क कंपनीनेही आपल्या लोव्हास्टॅटिनच्या चाचण्या थांबविल्या, मात्र पुढे पुन्हा तपासणी करून त्या सुरू केल्या. 1987 साली त्या औषधाला मान्यता मिळाली.

तरीही ‘आकडा उतरला, माणूस वाचला काय?’ हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर 1994 साली स्कँडिनेव्हियातील 4444 हृदयरुग्णांच्या अभ्यासाने दिले. सुमारे साडेपाच वर्षांत नकली गोळी घेणाऱ्यांपैकी 256, तर सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी 182 रुग्ण दगावले. कॉम्पॅक्टिन स्वतः कधीच बाजारात आले नाही. त्यापासून तयार केलेले प्राव्हास्टॅटिन मात्र आले.

1980 साली थांबणाऱ्यांना आम्ही दोष देणार नाही. 2001 साली सेरिव्हास्टॅटिन स्नायूंच्या गंभीर दुष्परिणामांमुळे मागे घ्यावे लागले, तेव्हा ती भीती निराधार नव्हती, हे दिसून आले. आम्ही नोकरीतील बहुतेक वर्षे फायलींच्या सहवासात काढली. शंका आली की फाईल बंद करणे सोपे असते, आणि कधी कधी तेच योग्यही असते. पण शंकेचे निरसन करून ती पुन्हा उघडणारा माणूसही लागतो. एन्डो 2024 साली नव्वदाव्या वर्षी निवर्तले. रात्रीची गोळी घेताना क्योटोच्या त्या दुकानातील बुरसलेल्या तांदळाची आम्हांला आता आठवण येते.