जर्मनीत ‘बिटर’ शोधताना

नोकरीनिमित्त इंग्लंडहून जर्मनीत राहायला जाणाऱ्याला बिअरची वानवा भासेल, असे कोणी म्हणणार नाही. चुकल्यासारखे वाटते ते ‘बिटर’साठी. इंग्लिश पबमधील ही तांबूस, कडसर, साधारणतः साडेतीन ते साडेचार टक्के मद्यार्काची बिअर जर्मनीत सहजासहजी मिळत नाही. याचे मुख्य कारण तिच्या घडणीतच आहे.

अस्सल बिटर पिंपातच दुसऱ्यांदा आंबते. ती गाळलेली किंवा पाश्चरीकरण केलेली नसते. तिच्यातील यीस्ट जिवंत असते. तळघरात सुमारे १० ते १३ अंश सेल्सिअसला ठेवलेले पिंप उघडले, की आत हवा शिरते आणि काही दिवसांतच चव उतरते. हीच पद्धत टिकविण्यासाठी ब्रिटनमध्ये १९७१ मध्ये ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. असे पिंप दूरवर धाडणे जिकिरीचे असते. त्यात जानेवारी २०२१ पासून ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारपेठेबाहेर गेल्याने सीमाशुल्काच्या कागदपत्रांची भर पडली. बाटलीतली बिटर क्वचित मिळते. पण तिच्यात वायू अधिक, मऊपणा कमी.

तेव्हा बाटलीमागे धावण्यापेक्षा ऱ्हाइनकाठचे ड्युसेलडॉर्फ गाठावे. येथील ‘अल्ट’ म्हणजे ‘जुनी’ बिअर. जर्मनीत थंड तापमानात तळाशी आंबणाऱ्या लागरचे राज्य येण्यापूर्वीच्या जुन्या रीतीने, म्हणजे उबदार तापमानात वर तरंगणाऱ्या यीस्टने ती आंबवितात. इंग्लिश एलची रीतही हीच. रंग तांबूस, कडूपणा स्पष्ट. ‘शूमाखर’ (१८३८) आणि ‘युरिगे’ (१८६२) ही तिची जुनी घरे. युरिगेची अल्ट विशेष कडू, म्हणून बिटरच्या चाहत्याने तेथूनच सुरुवात करावी. ती पिंपाला तोटी लावून, वायूच्या दाबाविना थेट पेल्यात ओततात. मोन्शेनग्लाडबाखजवळ राइनडालेनला १९५४ पासून २०१३ पर्यंत ब्रिटिश लष्कराचा मोठा तळ होता, तो अल्टच्याच मुलखात!

फरक मात्र ध्यानात ठेवावेत. अल्ट पाच टक्क्यांच्या आसपास, बिटरहून थंड आणि अधिक फसफसणारी असते. पेला ५६८ मिलिलिटरच्या पाइंटऐवजी जेमतेम पाव लिटरचा. रिकामा झाला, की ‘क्योबेस’ म्हणजे वाढपी न विचारता दुसरा ठेवतो आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर रेघ ओढतो. पुरे झाल्यावर पुठ्ठा पेल्यावर झाकावा. नाही तर रेघा वाढतच जातात. इंग्लंडमधील फिकट ‘गोल्डन एल’ आवडत असेल, तर शेजारच्या कोलोनची ‘क्योल्श’ जवळची वाटेल.

रंगावर मात्र जाऊ नये. काळी ‘श्वार्त्सबिअर’ स्टाउटसारखी दिसते. पण ती तळाशी आंबलेली लागर असून चवीला बरीच हलकी असते. बव्हेरियाची गव्हाची बिअरही एलच्याच रीतीने आंबते. पण केळी-लवंगेसारख्या वासामुळे बिटरची तहान तिने भागत नाही. दक्षिणेत राहणाऱ्यांनी त्यापेक्षा बाम्बर्गच्या परिसरातील न गाळलेली ‘केलरबिअर’ पाहावी. ती लागरच, परंतु ‘उंगेश्पुंडेट’ म्हणून मागितल्यास कमी वायूची मिळते आणि घशाखाली पिंपातल्या एलसारखीच मऊ उतरते.