अक्षहृदय : खेळ शिकणाऱ्याची एक जुनी गोष्ट



दारव्हा हें यवतमाळ जिल्ह्यांतील, कापसाच्या मुलुखांतलें तालुक्याचें गांव. मूर्तिजापुराहून निघून कारंजा, दारव्हा असे मुक्काम करीत यवतमाळला पोंचणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची आगगाडी एके काळीं इकडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावीत असे. ती गाडी आतां थांबली आहे. माझा एक भाचा तेथें शेती करतो. २०२१ सालीं त्याच्याकडे मुक्कामाला असतांना, रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर, तो अंगणांतल्या बाजेवर बसलेला मला दिसला. हातांत मोबाइल आणि मांडीवर उघडी दोनशे पानी वही. काय चाललें आहे, असें मीं विचारलें.

“पत्ते खेळतों, मामा. पोकर.”

“कोणाशीं?”

“तें ठाऊक नाहीं. कोणी नागपूरचा असेल, कोणी चेन्नईचा.”

पोळ्याच्या सणाला आमच्या विदर्भांत पत्त्यांचे डाव बसतात. तेव्हां पत्ते पाहून मला धक्का बसण्याचें कारण नव्हतें. नवल वाटलें तें वहीचें. डाव संपला कीं हातीं कोणते पत्ते आले होते, आपण किती लावले, कोठें चुकलों, हें तो वहींत टिपून ठेवी. पणही कसला, तर रुपया-दोन रुपयांचा. “एवढ्याशा पैशासाठीं एवढा अभ्यास?” असें मीं म्हणतांच तो म्हणाला, “पैशासाठीं नाहीं, मामा. हें मला येत नाहीं, आणि यायला पाहिजे.”

जन्मभर संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें माझें मन अशा वेळीं मागें धांवतें. द्यूतांत हरलेल्या मनुष्यानें शिष्य होऊन तो खेळ शिकावा, ही गोष्ट आपल्या वाङ्मयांत फार जुनी आहे, आणि ती घडते विदर्भाच्याच वाटेवर.

नल-दमयंती म्हटलें कीं मराठी वाचकाला रघुनाथ पंडितांचा राजहंस आठवतो. हंस देखणा, म्हणून त्याचा लौकिक झाला. कथेंतलें बेहड्याचें झाड मात्र कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. आणि मला तर सारी कथा त्या झाडापाशींच उभी आहे असें वाटतें. महाभारताच्या वनपर्वांत ही कथा बृहदश्व ऋषि सांगतात ती युधिष्ठिराला, म्हणजे स्वतः फाशांवर राज्य घालवून रानांत आलेल्या माणसाला. द्यूताची आवड दांडगी, पण खेळतां येत नाहीं, असें त्याच्याविषयीं शकुनीनें आधींच म्हणून ठेवलेलें होतें. नलाचीही तीच गत. भाऊ पुष्कर ह्याच्यापुढें तो महिनेच्या महिने हरत राहिला, राज्य गेलें, रानांत दमयंतीला टाकलें, आणि अखेर अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पदरीं बाहुक नांवाचा कुरूप सारथि होऊन राहिला.

पुढें दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते. एका दिवसांत विदर्भाच्या कुंडिनपुरास पोंचावयाचें असतें. वर्धा नदीच्या कांठचें अमरावती जिल्ह्यांतील कौंडिण्यपूर तें हेंच, असें परंपरा मानते. रथ भरधांव चालला असतां वाटेंत एक बेहड्याचें झाड लागतें. सारथ्याच्या विद्येपुढें आपलीही कांहीं विद्या दाखवावी, ह्या हौसेनें ऋतुपर्ण नुसत्या दृष्टिक्षेपानें सांगतो कीं, ह्या झाडाच्या दोन फांद्यांवर पांच कोटि पानें आणि दोन हजार पंचाण्णव फळें आहेत.

येथें नल काय करतो? तो मान डोलवीत नाहीं. रथ थांबवितो आणि म्हणतो, महाराज, मी मोजून पाहतों. राजाला घाई झालेली. उशीर होईल म्हणून तो विनवितो. नल म्हणतो, घाई असेल तर दुसरा सारथि घेऊन पुढें व्हा. मग झाड पाडून तो फळें मोजतो, आणि तीं सांगितलीं तितकींच भरतात. तेव्हां कोठें तो विचारतो, ही विद्या कोणती? ऋतुपर्ण उत्तर देतो कीं, मला अक्षहृदय ठाऊक आहे, आणि मोजण्याच्या शास्त्रांत मी निष्णात आहें.

झाड मोजण्याचा आणि द्यूताचा संबंध काय, हें कोडें पुष्कळांना पडलें. तें उलगडतें तें त्या काळच्या फाशांवरून. ते आजच्यासारखे ठिपक्यांचे चौकोनी फासे नव्हते. बेहड्याचीं सुकलेलीं फळें हेच फासे. हाइन्रिख ल्यूडर्स ह्या जर्मन पंडितानें १९०७ सालीं ह्या खेळाचा छडा लावला. ढिगांतून उचललेल्या फळांना चारांनीं भाग जावा, हें उत्तम दान, त्याचें नांव कृत. तीन उरलीं तर त्रेता, दोन उरलीं तर द्वापर, एक उरलें तर कलि. आपल्या चार युगांचीं नांवें हींच. तेव्हां मूठ मारतांना ढिगांत किती फळें आहेत, हें ज्याच्या डोळ्याला क्षणांत कळेल तो जिंकावयाचा. अक्षहृदय म्हणजे मंत्रतंत्र नव्हे, गणनेचा अभ्यास. संभाव्यतेच्या गणिताचा इतिहास लिहिणारे कॅनडांतील तत्त्वज्ञ इयान हॅकिंग ह्यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या झाडाची मुद्दाम दखल घेतली, ती ह्याचसाठीं. युरोपांत पास्कल आणि फर्मा ह्यांचा द्यूताच्या हिशेबाविषयींचा पत्रव्यवहार झाला तो १६५४ सालीं.

विद्या मिळतांच नलाच्या अंगांतून कलि बाहेर पडतो आणि त्या बेहड्याच्या झाडांतच शिरतो. कवीनें हा क्रम मोठ्या जाणतेपणानें लावला आहे. आधीं कलि गेला आणि मग विद्या आली, असें नाहीं. मोजतां यायला लागलें आणि मग झपाटलेपण उतरलें.

ह्याच्या शेजारीं ऋग्वेदांतलें दहाव्या मंडलांतील जुगाऱ्याचें सूक्त ठेवून पाहावें. तोही बेहड्याच्या फळांनींच खेळणारा. सासू द्वेष करते, बायको दूर लोटते, बाप-भाऊ ओळख देत नाहींत; आज जावयाचें नाहीं असा निश्चय तो करतो, आणि फाशांचा आवाज कानीं पडला कीं पाय तिकडेच वळतात. शेवटीं त्याला शेती कर म्हणून सांगितलें आहे. त्याला पश्चात्ताप थोडाथोडका नाहीं. परंतु तो सारा गेलेल्या धनाचा आणि मोडलेल्या घराचा आहे. अमुक वेळीं अमुक दान चुकलें, असा एक शब्दही त्यांत नाहीं. असा पश्चात्ताप मनुष्याला जाळतो, शिकवीत नाहीं.

शिकण्यासारखें कांहीं असेल तरच शिकतां येतें, ही दुसरी अट. ती आमच्या कापसानेंच शिकविली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारांतील उघडणारे आणि बंद होणारे भाव तारेनें मुंबईस येत. त्या आंकड्यांवर पैसे लावण्याची चाल पडली. १९६१ च्या सुमारास ते भाव येणें थांबलें, तर लोकांनीं कापूस सोडला आणि आंकडा ठेवला. १९६२ सालीं कल्याणजी भगत ह्यानें आणि १९६४ सालीं रतन खत्री ह्यानें आपापला ‘मटका’ सुरू केला. मडक्यांतून चिठ्ठी निघावयाची, पुढें पत्ते निघूं लागले. विदर्भांतल्या गांवोगांवीं ह्या आंकड्यांचे तक्ते घेऊन बसणारे अभ्यासू मीं पाहिले आहेत. चिकाटी त्यांचीही मोठी. पण सोडतीला कालचा आंकडा आठवत नाहीं, तेव्हां वीस वर्षांच्या अभ्यासानंतरही ते पहिल्याच दिवशीं होते तेथें असतात.

पोकरचें तसें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून हा खेळ वाढला. आपल्या तीनपत्तीचा हा नातलगच. हल्लींच्या प्रकारांत प्रत्येकाला दोन पत्ते झांकून मिळतात आणि पांच पत्ते सर्वांत मिळून उघडे पडतात. १९९८ सालीं तो संगणकांच्या जाळ्यावर पैशांनीं खेळला जाऊं लागला, आणि २००३ सालीं टेनेसीच्या एका हिशेबनिसानें, क्रिस मनीमेकरनें, अशाच थोडक्या डॉलरांच्या खेळांतून वाट काढून लास वेगासची अजिंक्यपदाची स्पर्धा व पंचवीस लाख डॉलर जिंकले. तेव्हांपासून जगभरच्या नवशिक्यांना धीर आला.

आमच्या नवशिक्याची पहिली चूक सर्व नवशिक्यांची तीच होती : आलेला प्रत्येक डाव खेळावयाचा. बावन्न पत्त्यांतून दोन पत्ते १३२६ तऱ्हांनीं येतात. रंगांचा भेद बाजूला ठेवला तर १६९ प्रकार उरतात. त्यांतले बरेचसे टाकून द्यावयाचे असतात. दोन एक्के २२१ डावांत सरासरी एकदां. म्हणजे चांगला खेळाडू बहुतेक वेळ नुसता बसून असतो, आणि तरुण माणसाला ह्याहून कठीण काम नाहीं. पहिल्या तीन महिन्यांच्या पानांवर त्यानें तांबड्या शाईनें ‘उगाच खेळलों’ हेच शब्द इतक्या वेळां लिहिले आहेत कीं, शेवटीं कंटाळून ‘उ.खे.’ एवढेंच लिहूं लागला.

दुसरा धडा ऋतुपर्णाच्या शाळेंतला. हातीं चार बदाम आहेत, पांचवा आला तर डाव आपला. न पाहिलेले पत्ते ४७, त्यांत बदाम ९. पुढच्या एका पानावर तो येण्याचा संभव शेकडा १९. मध्यें तीस रुपये जमले आहेत आणि टिकून राहावयाला दहा घालावे लागतात. चाळिसांत दहा, म्हणजे शेकडा २५. संभव १९ चा आणि किंमत २५ ची, पत्ते टाकावे. मध्यें साठ असते तर किंमत शेकडा १४ वर येते, मग राहावें. हें कळल्यावर त्यानें मला मोठ्या आनंदानें फोन केला. “मामा, काल रात्रीं हरलों, पण बरोबर खेळून हरलों.” हें वाक्य ऐकून माझी बहीण मुलाचें डोकें फिरलें असें समजली. मला मात्र कलि बाहेर पडतांना दिसला.

गंमत अशी कीं, यंत्रेंही ह्याच मार्गानें शिकलीं. २०१५ सालीं कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठानें दोघांच्या, मर्यादित बोलीच्या पोकरचा जवळजवळ पूर्ण उलगडा केला. २०१९ सालीं कार्नेगी मेलन विद्यापीठाचे नोम ब्राउन व टुओमास सँडहोम ह्यांच्या ‘प्लुरिबस’नें सहा जणांच्या खेळांत निष्णात खेळाडूंना हरविलें. हीं यंत्रें स्वतःशींच अगणित डाव खेळतात, आणि प्रत्येक डावानंतर दुसरी चाल केली असती तर किती अधिक मिळालें असतें तें मांडतात. ह्या रीतीला शास्त्रज्ञांनीं दिलेलें नांव ऐकून मी चमकलों. ते तिला पश्चात्तापच म्हणतात. पण हा चालीचा पश्चात्ताप, धनाचा नव्हे.

मग भाचा जिंकूं लागला का? २०२३ सालीं मी पुन्हां दारव्ह्यास गेलों तेव्हां आम्ही दोघांनीं बसून वही बेरजेला लावली. समोरच्या खेळाडूंशीं पाहिलें तर वर्षअखेर तो थोडासा पुढें होता. तरी खात्यांतून पैसे गेलेले. एक संध्याकाळभर मेळ लागेना. शेवटीं सांपडलें : प्रत्येक डावांतून चालविणारा आपला वांटा कापून घेई. अड्डेवाला घेतो त्याला आपल्याकडे ‘नाल’ म्हणतात. हा वांटा अशा ठिकाणीं साधारण शेकडा पांचाच्या आसपास असतो. मीं त्याला कौटिल्याचें अर्थशास्त्र काढून दाखविलें. त्यांत द्यूताध्यक्षानें सर्वांना एकाच जागीं खेळवावें, फाशांचें भाडें घ्यावें, आणि जिंकलेल्या धनांतून शेकडा पांच घ्यावे, असें लिहिलें आहे. भाचा पुष्कळ वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला. “म्हणजे हें आधींपासून ठाऊक होतें,” तो म्हणाला. तो ज्यांच्यापुढें बसत होता त्यांच्यापेक्षां थोडा सरस झाला होता. पण नालेला पुरून उरेल इतका सरस झाला नव्हता. लहान पणांच्या खेळांत बहुतेक शिकाऊ येथेंच अडतात. नलाला हा जाच नव्हता. पुष्कराशीं त्याचा पुन्हां जो सामना झाला, तो एकाच दानांत संपला, आणि मध्यें नाल घेणारा कोणी नव्हता.

ह्या खेळांत कौशल्य किती आणि दैव किती, हा वाद आपल्या न्यायालयांना नवा नाहीं. मुंबईच्या १८८७ च्या जुगार-प्रतिबंधक कायद्यानें केवळ कौशल्याच्या खेळांना वगळलें होतें, आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं म्हटलें. पोकरच्या चालकांनीं ह्याच आधारावर आपलीं दुकानें मांडलीं. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला आणि पैसे लावून खेळले जाणारे असे सर्व खेळ, कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंद केले. पुष्कळ घरें कर्जांत बुडालीं होतीं. माझ्या मतें वादाचा निकाल लावीत बसण्यापेक्षां हें बरें झालें, जरी वही ठेवणाऱ्या एखाद्यावर त्यांत अन्याय झाला असेल.

बृहदश्वांनीं कथा संपवून युधिष्ठिराला अक्षहृदय दिलें, हें पुष्कळांना आठवत नाहीं. त्या विद्येवर त्यानें राज्य परत मिळविलें नाहीं. विराटाच्या घरीं कंक नांव घेऊन तो राजाला द्यूतांत सोबत देई, आणि तेथेंही एके दिवशीं राजानें रागाच्या भरांत फासा त्याच्या तोंडावर मारला. नाकांतून आलेलें रक्त त्यानें ओंजळींत धरलें.

भाच्याला कायद्याचें विचारलें तेव्हां त्यानें खांदे उडविले. खात्यांत उरलेले दोनशे चाळीस रुपये त्याला परत मिळाले. वहीचीं साठ-सत्तर पानें कोरीं होतीं. गेल्या हंगामांत मी गेलों तेव्हां त्यांवर वेचणीच्या बायकांचीं नांवें आणि प्रत्येकीनें वेचलेल्या कापसाचें वजन, ओळीनें, त्याच बारीक अक्षरांत लिहिलेलें होतें.