गरोदरपणातील व्यावसायिक श्वसनसंसर्ग

गरोदर स्त्रीला कामाच्या ठिकाणी किंवा कामाच्या निमित्ताने आलेल्या संपर्कातून श्वसनमार्गे होणाऱ्या संसर्गास गरोदरपणातील व्यावसायिक श्वसनसंसर्ग असे म्हणतात. इन्फ्लुएंझा, कोविड-१९, क्षयरोग, गोवर, रुबेला व कांजिण्या हे अशा प्रकारे पसरणारे प्रमुख आजार आहेत. भारतात हा विषय २००९ मधील स्वाइन फ्लूच्या आणि २०२० नंतरच्या कोविड-१९ च्या साथीमुळे विशेषत्वाने पुढे आला. महाराष्ट्रात रुग्णालयातील परिचारिकांपासून गावोगावी घरभेटी देणाऱ्या आशा स्वयंसेविकांपर्यंत अनेक स्त्रियांचा त्याच्याशी थेट संबंध येतो.

शरीरक्रियात्मक कारणे

गर्भाशयाच्या वाढीमुळे श्वासपटल सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकते. श्वास सोडल्यानंतर फुप्फुसांत शिल्लक राहणाऱ्या हवेचे प्रमाण कमी होते. उलट शरीराची प्राणवायूची गरज वाढते. त्यामुळे न्यूमोनिया झाल्यास रक्तातील प्राणवायूची पातळी इतरांच्या तुलनेत लवकर खालावते. रोगप्रतिकारशक्तीतही गरोदरपणात बदल होत असतात. गरोदर स्त्रीला संसर्ग इतरांपेक्षा अधिक सहज होतोच असे नाही. मात्र झालेला आजार गंभीर होण्याचा धोका अधिक असतो.

गर्भावरील परिणाम आजारानुसार बदलतात. इन्फ्लुएंझा व कोविड-१९ मध्ये मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत रुबेला झाल्यास बाळात बहिरेपणा, मोतीबिंदू व हृदयदोष निर्माण होऊ शकतात. कांजिण्यांमुळे मातेला तीव्र न्यूमोनिया होण्याची शक्यता असते.

जोखमीचे व्यवसाय

डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रुग्णालयातील सफाई कामगार, आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका यांचा रुग्णांशी किंवा लहान मुलांशी रोजचा संपर्क असतो. शिक्षिका, बसवाहक, पोलीस कर्मचारी आणि बँकेतील वा दुकानातील कर्मचारी यांचा संपर्क गर्दीशी येतो. धोका केवळ व्यवसायावर ठरत नाही. बंदिस्त जागा, अपुरे वायुवीजन, जवळून संभाषण आणि संपर्काचा कालावधी हे घटकही निर्णायक असतात.

महाराष्ट्रातील साथी

स्वाइन फ्लू

२००९ मध्ये एच१एन१ इन्फ्लुएंझाच्या साथीत पुणे हे देशातील प्रमुख केंद्र ठरले. त्या काळात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे वर्गीकरण करताना गरोदर स्त्रियांचा समावेश जोखीमगटात केला. लक्षणे सौम्य असली तरी चाचणीसाठी न थांबता त्यांना ओसेल्टामिविर हे औषध देण्याची शिफारस होती. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून गरोदर स्त्रियांसह जोखीमगटांना इन्फ्लुएंझाची लस मोफत देण्यास प्रारंभ केला.

कोविड-१९

मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या सहकार्याने ‘प्रेगकोविड’ ही नोंदवही सुरू केली. पहिल्या लाटेतील ४,२०३ बाधित स्त्रियांच्या विश्लेषणात ३४ मातांचा मृत्यू, म्हणजे ०.८ टक्के मृत्युदर, आढळला. यांपैकी १,१५५ स्त्रिया विदर्भातील होत्या. रक्तक्षय, क्षयरोग व मधुमेह असलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचा धोका अधिक दिसून आला. दुसऱ्या लाटेत परिस्थिती बिघडली. १,५३० स्त्रियांच्या तुलनात्मक अभ्यासात लक्षणे असलेल्यांचे प्रमाण १४.२ टक्क्यांवरून २८.७ टक्क्यांवर, तर मृत्युदर ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर गेला. ही आकडेवारी सर्व बाधित गरोदर व प्रसूत स्त्रियांची आहे, केवळ नोकरदार स्त्रियांची नव्हे.

लसीकरण

भारतात कोविड-१९ लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. पहिला प्राधान्यगट आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. परंतु गरोदर स्त्रियांवर लसीच्या चाचण्या झालेल्या नसल्याने त्यांना वगळण्यात आले. केंद्र शासनाने गरोदर स्त्रियांच्या लसीकरणास २ जुलै २०२१ रोजी मान्यता दिली. त्यामुळे प्राधान्यगटात मोडणाऱ्या गरोदर परिचारिका व आशा स्वयंसेविका सुमारे साडेपाच महिने लसीपासून वंचित राहिल्या. दुसरी लाट याच कालावधीत आली.

इन्फ्लुएंझाची निष्क्रिय लस गरोदरपणात देता येते. गोवर, रुबेला व कांजिण्या यांच्या लसी जिवंत विषाणूंच्या असल्याने त्या गर्भधारणेपूर्वीच घ्याव्या लागतात.

कायदेशीर तरतुदी

मातृत्व लाभ कायदा, १९६१ मध्ये २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे करण्यात आली. या कायद्याच्या कलम ४ नुसार गरोदरपणाच्या ठरावीक कालावधीत स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे, दीर्घकाळ उभे राहण्याचे किंवा आरोग्यास बाधक ठरेल असे काम देता येत नाही. या कलमात संसर्गाचा स्वतंत्र उल्लेख नाही. कायद्याच्या तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये अंतर्भूत करण्यात आल्या.

कोविड काळात केंद्र शासनाने मे २०२० मध्ये व पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये आपल्या गरोदर कर्मचाऱ्यांना कार्यालयात येण्यापासून सूट दिली. जून २०२० मधील कार्यालयांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत गरोदर कर्मचाऱ्यांना लोकांशी थेट संपर्क येणारे काम शक्यतो देऊ नये, असे नमूद होते. ही सूट कार्यालयीन कामाशी निगडित होती. आशा स्वयंसेविकांचे काम घरोघरी जाऊन करावयाचे असून त्यांना कामावर आधारित मोबदला मिळतो; नियमित कर्मचाऱ्यांचा दर्जा त्यांना नाही. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेतील घरोघरीच्या तपासणीत त्यांचा मोठा सहभाग होता. मोबदला व सुरक्षेच्या मागण्यांसाठी राज्यातील आशा स्वयंसेविकांनी जून २०२१ मध्ये संप केला.

गोंदिया जिल्हा

ग्रामीण भागात कामाच्या ठिकाणाचे स्वरूप वेगळे असते. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे जंगलालगतचे, जलाशयासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. भातशेती, तेंदूपाने गोळा करणे, विडी वळणे व भातगिरण्यांतील मजुरी ही जिल्ह्यातील स्त्रियांची परिचित कामे आहेत. शेतात किंवा जंगलात मोकळ्या हवेतील कामात संसर्गाचा धोका कमी असतो. विड्या घरातच वळल्या जात असल्याने घर हेच कामाचे ठिकाण ठरते. कुटुंबात क्षयरोगाचा रुग्ण असल्यास गरोदर कामगार स्त्री दिवसभर त्याच हवेत राहते. तंबाखूची व भातगिरणीतील धूळ संसर्गजन्य नसली तरी श्वसनमार्गाचा दाह वाढवते. रोजंदारीवरील स्त्रीला आजारपणात पगारी रजा मिळत नाही. गुंतागुंतीच्या प्रसूतीसाठी जिल्ह्यातील स्त्रियांना गोंदिया येथील बाई गंगाबाई महिला रुग्णालयात पाठविले जाते.

प्रतिबंध व उपचार

गरोदर कर्मचाऱ्याला संसर्गजन्य रुग्णांच्या कक्षाऐवजी अन्य काम देणे, खेळती हवा राखणे, एन-९५ मास्क पुरविणे आणि नोकरीपूर्वी रुबेला व कांजिण्यांविषयीची प्रतिकारशक्ती तपासणे हे प्रमुख उपाय आहेत. गरोदरपणाच्या सुरुवातीस अनेक स्त्रिया ती बातमी जाहीर करत नाहीत. त्यामुळे मास्क व वायुवीजनाची व्यवस्था सर्व कर्मचाऱ्यांसाठी असणे परिणामकारक ठरते.

ताप व खोकल्यासोबत धाप लागणे, छातीत दुखणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिल्यास क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. क्षयरोगाची प्रथम श्रेणीतील औषधे गरोदरपणात घेता येतात. स्ट्रेप्टोमायसिन मात्र गर्भाच्या श्रवणशक्तीस हानिकारक असल्याने टाळले जाते. औषधोपचार मध्येच बंद केल्यास माता व बाळ दोघांनाही धोका संभवतो.

हे सुद्धा पहा

आशा स्वयंसेविका
क्षयरोग
मातृत्व लाभ कायदा, १९६१
महाराष्ट्रातील कोविड-१९ साथ
गोंदिया जिल्हा