कोष्टकांचा सिद्धान्त आणि हाताचा अनुभव

रिलेशनल डेटाबेस, म्हणजे कोष्टकांच्या रूपाने माहिती साठविणारी संगणकीय व्यवस्था, ही मूलतः गणितातून निघालेली कल्पना होय. ती चालविण्याची विद्या मात्र गणितातून निघालेली नाही; ती प्रयोग, चूक व दुरुस्ती या क्रमाने घडत गेली. हा भेद ध्यानात न घेतल्यास या विद्येच्या शिक्षणाची दिशा चुकते.

१९७० च्या जूनमध्ये एडगर कॉड यांनी आपला सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. ते त्या वेळी आय.बी.एम. कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत होते. तत्कालीन पद्धतींत एका नोंदीपासून दुसरीकडे जाण्याची वाट प्रोग्रॅम लिहिणारास स्वतः आखावी लागे, आणि यंत्रातील मांडणी बदलली की प्रोग्रॅमही बदलावा लागे. वापरणाराने काय हवे एवढेच सांगावे. ते कोठे व कसे ठेवले आहे याची चिंता त्यास नसावी, असे कॉड यांचे प्रतिपादन होते. यावर आक्षेप असा, की अशी व्यवस्था व्यवहारास पुरेल इतक्या वेगाने चालेल काय? त्याचे उत्तर युक्तिवादाने मिळणे शक्य नव्हते. व्यवस्था उभारून पाहणे एवढाच उपाय होता.

त्याच प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' हा प्रकल्प याच हेतूने हाती घेण्यात आला. १९७४-७५ मधील पहिल्या नमुन्यात प्रश्नाचे उत्तर काढण्याचा खर्च, किती ओळी आणाव्या लागतात यावरून मोजला जाई. अनुभवांती आढळून आले की खरा खर्च डिस्ककडे किती वेळा जावे लागते व प्रोसेसरवर किती काम पडते यावर अवलंबून असतो. तो नमुना बाजूस सारून व्यवस्था पुन्हा रचण्यात आली. पुढे ती प्रत्यक्ष वापरणारांच्या हाती गेली, तेव्हा त्यांच्या मागणीवरून एस.क्यू.एल. भाषेत 'लाइक' व 'एक्झिस्ट्स' यांसारख्या सोयींची भर पडली. यंत्र मध्येच बंद पडल्यास माहिती सुरक्षित राहावी म्हणून योजलेली पद्धतही महाग पडते, हे संशोधकांनी १९८१ च्या आढाव्यात स्वतःच नमूद केले. प्रकल्प यशस्वी ठरला असताही आपल्या चुका इतक्या स्पष्टपणे मांडणारा हा आढावा म्हणूनच आजही शिकवणीचे काम करतो.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ पासून मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांच्या मार्गदर्शनाखाली 'इन्ग्रेस' ही व्यवस्था आकारास येत होती. तिचे बरेचसे काम विद्यार्थ्यांनी केले. तिचा मूळ प्रोग्रॅम टेपवर, नाममात्र शुल्कात, इतर संस्थांना देण्यात येई. त्यामुळे दूरच्या अभ्यासकांनाही ती आपल्या यंत्रावर बसवून, उघडून व बदलून पाहता आली. स्टोनब्रेकर यांनीच १९८६ मध्ये बर्कलीत आरंभिलेल्या 'पोस्टग्रेस' प्रकल्पातून पुढे 'पोस्टग्रेएसक्यूएल' उदयास आले. १९९६ पासून या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था आज कोणासही घरच्या संगणकावर विनामूल्य बसविता येते.

या इतिहासाचे तात्पर्य असे, की कॉड यांनी वापरणाराच्या शिरावरून उतरविलेला भार नाहीसा झाला नाही. तो व्यवस्था सांभाळणारा जो प्रबंधक, त्याच्या शिरावर आला. माहिती कोठे आहे, कोणत्या कोष्टकास इंडेक्स हवा, एकाच नोंदीवर दोघांचे हात पडल्यास काय होते, हे त्यास जाणावेच लागते. म्हणून नवशिक्याने सराव-संग्रहात लाखभर ओळी भरून इंडेक्सपूर्वी व नंतर त्याच प्रश्नास किती वेळ लागतो ते ताडून पाहावे. व्यवहार अर्धवट असता यंत्र मुद्दाम बंद करून काय शिल्लक राहते ते तपासावे. आणि घेतलेली बॅकअप प्रत दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभी करून पाहावी. जी प्रत कधी उभी करून पाहिली नाही, ती आहे असे मानणे हा केवळ भ्रम होय. आणि तो भ्रम रुग्णालयाच्या वा बँकेच्या नोंदी गेल्यावर दूर झाला, तर त्या शिक्षणाचे मोल इतरांनी भरलेले असते.