वेड्यांचे इस्पितळ ते मनोरुग्णालय : सेवेचा आणि बोलण्याचा इतिहास

मुंबईत कुणाचं डोकं फिरलं असं म्हणायचं असेल तर 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतात. पुण्याकडे 'येरवड्याला' म्हणतात. आमच्या कोकणात 'रत्नागिरीला न्यायला पाहिजे' असं कुणी म्हटलं की सगळे हसतात. आम्हीही हसत आलो. पाळी सुटल्यावर गिरणीच्या गेटवर हसलो, गावकीच्या बैठकीत हसलो, विहाराच्या ओट्यावर बसूनसुद्धा हसलो. पण ज्या जागेच्या नावावर आपण हसतो तिचा इतिहास आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं कार्यकारिणीने सांगितलं तेव्हा आम्ही हाच विषय घेतला. का घेतला, ते पुढे येईलच. आमचे शिक्षण नववीपर्यंत. जे कळले ते वाचनालयात बसून आणि जाणत्या माणसांना विचारून. चूकभूल सांभाळून घ्यावी.

रत्नागिरीचे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले १८८६ साली. त्याच वर्षी इंग्रजांनी ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला कैदी म्हणून रत्नागिरीला आणून ठेवले. थिबा बौद्ध राजा, म्हणून आपली माणसे थिबा पॅलेस बघायला आवर्जून जातात. तो राजवाडा १९१० सालचा. राजा १९१६ साली इथेच वारला. त्याचा इतिहास पुस्तकांत आला. पण त्याच काळात दुसऱ्या एका भिंतीआड जी माणसे आणली गेली, त्यांची नावे कुठल्या पुस्तकात आहेत? राजाच्या पदरी नोकरचाकर तरी होते. यांच्याजवळ रखवालदार होता.

तेव्हा १८५८ चा कायदा लागू होता. रस्त्यावर भटकणारा वेडा माणूस दिसला की पोलिसांनी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे आणि मॅजिस्ट्रेटने डॉक्टरचा दाखला घेऊन त्याला इस्पितळात धाडायचे. १९१२ साली नवा कायदा आला, पण नाव 'लुनसी ॲक्ट' हेच. लुना म्हणजे लॅटिन भाषेत चंद्र. चंद्राच्या कलेप्रमाणे वेड लागते ही युरोपातली जुनी समजूत. आपल्याकडची अडाणी माणसेही अमावास्या-पौर्णिमेचेच नाव घेतात. म्हणजे अंधश्रद्धा साहेबाच्या कायद्याच्या नावातसुद्धा होती! या कायद्यांचा सगळा भर माणसाला आत कसे घालायचे आणि केव्हा सोडायचे यावर होता. आत गेलेल्या माणसाशी बोलायचे कसे, हा प्रश्नच कुणाला पडलेला नव्हता. मोजायचे, आंघोळ घालायची, जेवू घालायचे आणि कुलूप लावायचे, एवढीच सेवा.

हा प्रश्न त्याच्याही आधी कुणाला पडला होता, हे वाचून आम्हाला अभिमान वाटला. पॅरिसजवळ बिसेत्र नावाचे मोठे इस्पितळ होते. तिथे वेड्यांना लोखंडी साखळ्यांनी बांधून ठेवत. १७९३ साली तिथे आलेल्या पिनेल या डॉक्टरने साखळ्या तोडल्या, असे बरेच जण सांगतात. पण बिसेत्रच्या वेड्यांच्या साखळ्या काढल्या त्या झाँ-बाप्तिस्त प्युसँ या माणसाने, १७९७ साली. त्याआधीच पिनेल दुसऱ्या इस्पितळात गेलेला होता. आणि हा प्युसँ कोण? डॉक्टर नव्हे. चामडे कमावणारा कामगार! गंडमाळेच्या आजारासाठी बिसेत्रला आला, बरा झाला आणि तिथेच नोकरीला राहिला. वेड्यांच्या विभागाचा कारभार त्याच्या हाती आला. रोग्यावर हात उगारायचा नाही, असा दंडक त्याने नोकरांना घातला. बरे झालेल्या रोग्यांनाच त्याने सेवक म्हणून घेतले, कारण ते दुःख त्यांनी भोगलेले. त्याची बायको मार्गारीत हीसुद्धा हेच काम करी. या नवरा-बायकोकडून आपण शिकलो, हे पिनेल डॉक्टरनेच लिहून ठेवले आहे. चामड्याचे काम करणाऱ्याला आपल्या देशात कुठे उभे करत होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आपल्या देशाची अवस्था १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात दिसते. अखंड हिंदुस्थानची वस्ती तेव्हा सुमारे ४० कोटी आणि मनोरुग्णांसाठी खाटा सुमारे १० हजार. म्हणजे ४० हजार माणसांमागे १ खाट. इंग्लंडमध्ये तेव्हा ३०० माणसांमागे १ होती. जिथे खाटच नाही तिथे रोग्यापाशी बसून बोलणार कोण?

पुढे १९५२ साल महत्त्वाचे. त्या वर्षी फ्रान्समध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध मानसिक आजारावर वापरू लागले. भास कमी होऊ लागले, माणूस शांत होऊ लागला. आणि त्याच वर्षी अमेरिकेत हिल्डगार्ड पेपलाऊ नावाच्या परिचारिकेचे पुस्तक आले. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की परिचारिका ही नुसती गोळ्या देणारी नव्हे. तिचे आणि रोग्याचे जे नाते जुळते, जे बोलणे होते, तेही उपचारच. पण ते बोलणे शिकावे लागते, जसे आम्हाला साचा चालवायला शिकावे लागले.

आपल्याकडे १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. तेच गिरणी संपाचे साल. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यात आमच्या वडिलांची पिढी होरपळली. किती घरांत माणसे मनाने मोडली, त्यांच्यापर्यंत हा कार्यक्रम पोचला नाही. मग १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा झाला, तो लागू झाला १९९३ साली. तरी ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहात आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. साखळ्यांनी बांधलेले होते म्हणून पळता आले नाही. प्युसँनंतर दोनशे वर्षांनी! २०१७ च्या कायद्याने, जो २०१८ पासून लागू आहे, साखळीने बांधायला बंदी केली आणि घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला इस्पितळात ठेवता येणार नाही, असेही म्हटले. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या राज्यातल्या चार जुन्या मनोरुग्णालयांत आपले सर्वात लहान, ३६५ खाटांचे. कायदे बदलले, पाटीवरचे नाव बदलले. आपले बोलणे बदलले का?

आता आमचे सांगतो. साचेखात्यात आमचा एक सोबती होता. गिरणी बंद पडली, तोही गावी आला. काही वर्षांनी रात्री दोनला उठून बसू लागला. 'भोंगा झाला, निघतो' म्हणायचा. घरच्यांनी गुपचूप भगताकडे नेला. तिथे धुरी दिली, छडीने मारले. आम्हाला कळल्यावर आम्ही घरच्यांना फैलावर घेतले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात भगत? आणि मग आम्ही चार कार्यकर्ते त्याला समजवायला बसलो. 'अरे, गिरणी कुठली? तिथे टॉवर उभा राहिला! भोंगा कसला?' तो चिडला, तांब्या फेकून मारला. बाहेर आल्यावर आमच्यातला एक म्हणाला, 'रत्नागिरीला न्यायला पाहिजे,' आणि आम्ही सगळे हसलो. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावोजी, भगतानं छडीनं मारलं, तुम्ही तोंडानं मारलंत. फरक काय?"

पुढे त्याला खरोखरच मनोरुग्णालयात नेले. सोबत आम्ही होतो. एक सिस्टर त्याच्यापाशी स्टूल घेऊन बसली. तो म्हणाला, 'भोंगा झाला.' ती म्हणाली, "काका, तुम्हाला ऐकू येतोय. मला नाही येत. पण तो ऐकला की तुम्हाला काय वाटतं?" आणि गप्प बसली. कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. मग तो रडायला लागला. "पाळी चुकली तर पोरांना काय घालू?" आम्ही एका खात्यात वर्षानुवर्षे काम केलं, आणि त्याच्या पोटातली ही भीती आम्ही एकदाही विचारली नव्हती.

आम्ही सिस्टरांना विचारलं, तुम्ही खोटं बोलला नाहीत, वादही घातला नाहीत, हे कसं? त्यांनी समजावलं. भासाला 'हो' म्हणायचं नाही आणि 'खोटा' म्हणून भांडायचंही नाही. भासामागचं दुःख विचारायचं. नावाने किंवा नात्याने हाक मारायची. वाक्य लहान, आवाज हळू. त्याच्यासमोर कुजबुजायचं नाही, हसायचं नाही. पाळता येणार नाही असा शब्द द्यायचा नाही. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारावं; विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. साचेखात्यात एवढा आवाज असे, की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या तोंडाकडे बघावं लागे, कानाशी जावं लागे. ही कला आम्हाला येत होती. बाहेर आल्यावर विसरलो.

तथागतांच्या काळातली पटाचारा आपल्याला ठाऊक आहे. नवरा, दोन लेकरे, आईबाप, भाऊ सगळे गेले आणि तिचे भान हरपले. अंगावर वस्त्र नाही, लोक हाकलत होते. तथागतांनी तिला अडवू दिले नाही, जवळ येऊ दिले, बहीण म्हणून हाक मारली. एकाने अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले. पुढे तीच पटाचारा भिक्खुणी होऊन लेकरे गमावलेल्या बायकांचे सांत्वन करू लागली. प्युसँने बरे झालेल्यांनाच सेवक केले, त्यातले मर्म हेच.

आमचा सोबती घरी आहे. गोळ्या चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही नाही. विहारात वंदनेला येतो तेव्हा अजून काही जण सरकून बसतात. म्हणून ही विनंती. कुणाच्या घरी असे दुखणे असेल तर लपवू नका, भगताकडे नेऊ नका. १४४१६ हा सरकारी टेली-मानस क्रमांक २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत. औषध डॉक्टर देईल. पण घरी परत आलेल्या माणसाला शेजारी बसवून घेणे आणि 'चहा घेतलास का रे?' एवढे विचारणे, हे काम आपलेच आहे. त्या दिवशी आम्ही हसलो, त्याची भरपाई या लेखाने होत नाही. वहिनींना आम्ही तसे सांगितलेही. त्या एवढंच म्हणाल्या, "लिहा. आणि रविवारी त्यांना न्यायला या."

जयभीम!