१९६७ : गोव्याचे दोन कौल

१/ १६ जानेवारी १९६७. गोमंतकीयांपुढे मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल. केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहण्यासाठी दोन पाने.

२/ समाज दुभंगलेला होता : मराठी की कोकणी, हिंदू की ख्रिस्ती, कूळ की भाटकार. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने डिसेंबर १९६६ मध्येच राजीनामा दिला होता.

३/ निकाल : दोन पाने १,७२,१९१, फूल १,३८,१७०. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले.

४/ मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच ३० पैकी १६ जागा मिळाल्या! गोव्यावर राज्य कोणी करावे आणि गोवा राहावा की नाही, हे दोन प्रश्न मतदारांनी वेगळे ठेवले होते.

५/ ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाला.