भाताच्या लोंबीतील गणित

महाड-पोलादपूरच्या खाचरांत भाद्रपदाच्या सुमारास हळवी भाते निसवू लागतात. ऊन वर आले म्हणजे लोंबीवरील एकेका फुलाची तुसे उघडतात, सहा पुंकेसर बाहेर डोकावतात आणि तास-दोन तासांत तुसे पुन्हा मिटतात. तेवढ्या अवधीत भाताचे लग्न लागलेले असते! त्यातही वधू आणि वर एकाच घरचे. कारण फुलाचा पराग बहुधा त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर पडतो.

परसातील भोपळ्याची रीत निराळी. त्याचे नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे, आणि मध्यस्थी मधमाशीची. म्हणून शेजारच्या वेलाचे गुण त्याच्या बियांत सहज मिसळतात. भाताचे तसे नाही. चांगल्या लोंब्या निवडून कणगीत राखलेले बियाणे पुढील वर्षी बहुतांशी तसेच पीक देई. झिणी, कोळंबा यांसारखे जुने वाण याच बळावर टिकले.

या व्यवहारामागील नियम मात्र युरोपातील एका मठाच्या बागेत सापडला. ब्रून येथील धर्मोपदेशक ग्रेगोर मेंडेल याने उंच व ठेंगू वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सर्व झाडे उंच निपजली; ठेंगूपणा जणू नाहीसा झाला. परंतु त्यांच्याच बियांपासून आलेल्या 1064 झाडांत 787 उंच आणि 277 ठेंगू निघाली. प्रमाण सुमारे तिनास एक. प्रत्येक गुणाचे दोन अंश, एक मातेचा व एक पित्याचा, संततीत येतात. दुबळा अंश प्रबळाच्या आड दडतो, पण नष्ट होत नाही, हा त्याचा निष्कर्ष. 1866 साली छापलेल्या या निबंधाकडे जगाचे लक्ष गेले ते 1900 साली!

या नियमाचा भाताशी संबंध लवकरच आला. जुनी भाते उंच. भरपूर खत दिले की ती अधिकच वाढत आणि पावसावाऱ्यात लोळत. 1962 साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पीटर जेनिंग्ज यांनी इंडोनेशियातील उंच ‘पेटा’ आणि तैवानमधील एक ठेंगू भात यांचा संकर केला. पहिली पिढी सारी उंच. दुसरीत चौथा हिस्सा ठेंगू. वाटाण्याचेच गणित! त्यातून 1966 साली ‘आयआर-8’ हा वाण निघाला. त्याच्याच वंशातील ‘रत्ना’ 1970 साली भारतात प्रसृत झाला आणि कोकणच्या खाचरांतही रुजला.

पुढे 1998 साली, 1919 पासून चालत आलेल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून ‘सह्याद्री’ हा संकरित वाण बाहेर पडला. येथे कणगीची जुनी रीत उपयोगी पडत नाही. संकरित भाताची पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार असते. पण तिचेच दाणे पेरले तर दडलेले गुण वेगवेगळे होतात. कोठे उंच, कोठे बुटके, काही आधी पिकणारे, काही मागाहून. म्हणून दर वर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. यात विक्रेत्याची लबाडी नव्हे, निसर्गाचा नियम आहे. सरळ वाणाचे बियाणे मात्र नीट निवडून आजही घरी राखता येते.

विकतच्या पिशवीवर संकरित की सरळ, हे वाचून पाहणे म्हणूनच अगत्याचे. दाणा दिसतो एकच. त्याच्या पोटात मातापित्यांचे दुहेरी खाते असते, आणि त्याचा हिशेब पुढच्या पावसाळ्यात शेतावर उघडा पडतो.